मनगटाचं हाड जुळलं, पण आईचा हात अजून पेटलेलाच: आहार, व्हिटॅमिन सी आणि लांबलेलं दुखणं

पारिजात_अंगण | १६ ऑगस्ट, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. धागा लांब होणार आहे, पण गेले सात आठवडे जे बघतेय ते नीट सांगितल्याशिवाय प्रश्न विचारता येणार नाही.

आई ६८ वर्षांची, गावी असते, लांज्याजवळ. आषाढात मागच्या दारच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं. दुधाचं पातेलं घेऊन उतरताना पाय सरकला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगट लगेच वाकडं दिसायला लागलं, जेवणाचा काटा उपडा ठेवल्यासारखं. रत्नागिरीला नेलं, हाड खेचून बसवलं आणि प्लॅस्टर घातलं. दुसऱ्याच दिवशी ती म्हणाली की फार आवळतंय. बोटं फुगली होती. फोन केला तर उत्तर मिळालं, 'थोडं होतंच, हात उंच ठेवा.' आम्हीही गप्प बसलो. हे आता फार लागून राहिलंय.

साडेपाच आठवड्यांनी प्लॅस्टर काढलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता हात वापरा. पण हात वापरायचा कसा? तळहाताची मागची बाजू लालसर-जांभळी, चकचकीत, सुजलेली. डाव्या हाताच्या मानाने गरम, आणि घाम फक्त त्याच हाताला. बोटं अर्धीसुद्धा मिटत नाहीत. पदर घासला तरी ती कळवळते. परवा पंखा लावला तर हात टॉवेलखाली घेऊन म्हणाली, 'वारापण सोसवत नाही गो.' पुन्हा डॉक्टरांना विचारलं तर, 'वयामुळे वेळ लागतो, मन घट्ट करा.' मन घट्ट करायला आईला कुणी शिकवायची गरज नाही. माझ्या जन्माच्या आदल्या दिवशीपर्यंत ती भाताच्या लावणीला उभी होती.

दुसरी गोष्ट खाण्याची. मी पुण्याहून आले तेव्हा तिचं वजन ४७ किलो भरलं, पडण्याआधी ५१ होतं. सकाळी चहा-खारी, दुपारी भात, पातळ पिठी आणि भाजी, रात्री उरलेला भात नि ताक. त्यात चातुर्मास म्हणून एकभुक्त, शिवाय सोमवार, शनिवार, चतुर्थी. मासे, अंडी बंद. दूध चहापुरतं.

माझे प्रश्न: १) हे नुसतं वयाचं दुखणं आहे का? २) खाण्याने काही फरक पडेल का? एका नातेवाईकाने व्हिटॅमिन सी द्या म्हणून सांगितलंय. ३) तिला दुखवल्याशिवाय उपवास कसे सोडवायचे?

---

कंदील | १६ ऑगस्ट, रात्री ११.०२

वाचून वाईट वाटलं. लाल, गरम, सुजलेला आणि स्पर्श न सोसणारा हात हे 'वयाचं' नाही. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, याच आठवड्यात.

---

हालचाल | १७ ऑगस्ट, सकाळी ६.५०

ताई, मी ठाण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, हातांचेच पेशंट जास्त बघते. आईंना तपासल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून पहिली शंका सीआरपीएसची (कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम) येते. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी याला 'सुडेक' म्हणतात. पॉल सुडेक या जर्मन सर्जनने १९०० मध्ये अशा हातांतलं हाड विरळ झालेलं नोंदवलं, त्यावरून.

यात मूळ इजा भरून येते, पण नसांची धोक्याची घंटा बंदच होत नाही. दुखणं इजेच्या मानाने कितीतरी जास्त असतं. हे कुठल्याही रक्ततपासणीत सापडत नाही, बघून आणि विचारूनच ठरवतात. त्याचे निकष बुडापेस्ट निकष म्हणून ओळखले जातात. चार गोष्टी बघायच्या: स्पर्श नकोसा होणं, रंग-तापमान बदलणं, सूज आणि घाम, आणि हालचाल कमी होणं किंवा नखं-केस बदलणं. तुमच्या एका परिच्छेदात चारही आल्या आहेत. एक्स-रे चांगला आहे म्हणून दुखायला नको, हा हिशोब इथे चालत नाही. आणि हे सर्वात जास्त दिसतं ते साठी-सत्तरीतल्या बायकांमध्ये, हाताला, फ्रॅक्चरनंतर. म्हणजे आईंसारख्यांनाच. मन कच्चं असल्याचा यात काही संबंध नाही, हे त्यांना माझ्याकडून सांगा.

आजपासून करायचं ते सांगते.

कुणालाही जोर लावून बोटं वाकवू देऊ नका. तेल लावून रगडणं, 'थोडं दुखेल पण मोकळं होईल' म्हणून खेचणं पूर्ण बंद. बर्फ नको. गरम पाण्याचा चटकाही नको, कोमट पुरे.

पण हात झाकून, गळ्यात अडकवून ठेवणंही बंद. हीच तारेवरची कसरत आहे. दर तासाला दोन मिनिटं, सोसेल तेवढंच: बोटं सरळ, मग फक्त वरची पेरं वाकवून आकडा, मग जमेल तेवढी मूठ, मग अंगठा एकेका बोटाला. कोपर आणि खांदाही हलवा, नाहीतर महिन्याभराने खांदा धरल्याची तक्रार येईल.

स्पर्शाची सवय: आधी कापूस, मग जुनं मऊ लुगडं, मग टॉवेल, मग ताटात तांदूळ घेऊन त्यात बोटं फिरवणं. सुरुवात दुखऱ्या जागेवर नाही, तिच्या कडेने करायची. त्यांनी स्वतः करायचं, डाव्या हाताने. दुसऱ्याने केलं की मेंदू दचकतो.

आणखी एक उपाय आरशाचा, पण तो आत्ता नाही, तुमचा फिजिओ शिकवेल तेव्हा. डाव्या हाताचं प्रतिबिंब दिसेल असा आरसा मध्ये उभा ठेवायचा, उजवा हात त्याच्या मागे. डावा हलवला की मेंदूला उजवा विनावेदना हलताना दिसतो. व्ही. एस. रामचंद्रन यांनी हे आधी हात तोडलेल्या पेशंटांसाठी वापरलं होतं, नंतर सीआरपीएससाठी आलं.

आणि अंगठा वर उचलला जातो ना, ते रोज बघा. मनगटाचं हाड अगदी जागच्या जागी जुळलं असलं तरी काही आठवड्यांनी अंगठा उचलणारी दोरी, म्हणजे स्नायूचा कंडरा, तुटू शकते. अचानक अंगठा उठेनासा झाला तर त्याच दिवशी डॉक्टर. पहिल्या तीन बोटांत बधिरपणा किंवा रात्री मुंग्या येत असतील तर नस दबतेय का, तेही विचारा.

---

तुळशीवृंदावन | १७ ऑगस्ट, दुपारी १२.१५

मी स्वतः ७१ वर्षांची, सोलापूरची. तीन वर्षांपूर्वी माझं डावं मनगट असंच मोडलं. बांगडी तर सोडा, घड्याळाचा पट्टा धरवेना. घरातले सगळे म्हणत, एवढं काय, हाड तर जुळलंय. मी रात्री बाथरूममध्ये जाऊन रडायची, उगाच कुणाची झोप नको मोडायला. मला नाव कळलं चौथ्या महिन्यात. तुम्ही सातव्या आठवड्यात विचारताय, यातच आईचं निम्मं दुखणं हलकं होईल. तिला सांगा, सोलापूरची एक बाई आता त्याच हाताने कडक भाकऱ्या थापते. एक वर्ष लागलं पूर्ण. अजून थंडीत ठणकतं, पण थापते.

---

वाटसरू_देश | १७ ऑगस्ट, दुपारी २.३०

आमच्याकडे अशा वेळी कांडवेल देतात, हाडसांधी म्हणतात तीच. पायांचा रस्साही देतात. हाडं जुळायला उत्तम. गोळ्यांच्या मागे लागण्यापेक्षा हे करून बघा.

---

भाजीमंडई | १७ ऑगस्ट, रात्री ९.२०

मी आहारतज्ज्ञ आहे, कोल्हापुरात. आधी वाटसरूंना: कांडवेलीवर काही छोटे अभ्यास आहेत, पण त्या भरवशावर बाकीचं सोडू नका. पायांच्या रश्श्यात चव आणि थोडं प्रथिन असतं. कॅल्शियम मात्र हाडातच राहतं, रश्श्यात फार कमी उतरतं. हाडासकट चावून खाल्ली जाणारी सुकट, जवळा, मांदेली यांचं गणित वेगळं. ती खरंच कॅल्शियमची खाण आहे.

आता आईंबद्दल. तुम्ही लिहिलेल्या ताटाचा मी हिशोब केला. दिवसाला ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिन जातंय, उपवासाच्या दिवशी त्याहून कमी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. पण वयस्कांना १ ते १.२ ग्रॅम हवं, आणि दुखण्यातून उठताना त्याहूनही थोडं जास्त. ४७ किलोला ५० ते ५६ ग्रॅम धरा. चार किलो वजन उतरलंय त्यात स्नायू गेलेले आहेत. ते गेले की तोल जातो, आणि पुढचं पडणं मनगटावर थांबत नाही, खुब्यावर जातं. म्हणून मला हाताइतकीच त्या चार किलोंची काळजी वाटते.

चातुर्मास न मोडता काय करता येईल:

पिठी पातळ नको. कुळीथ हे तुमच्या कोकणाचं सोनं आहे, पण पळीभर पीठ नि तांब्याभर पाणी असेल तर पोटात पाणीच जातं. दाट करा, किंवा मोड आलेल्या कुळथाची उसळ करा. रोज दोन वाट्या घट्ट दही किंवा दोन ग्लास दूध, एवढ्यात १२-१४ ग्रॅम प्रथिन आणि साधारण ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आलं. मूठभर शेंगदाणे, ७ ग्रॅम. ५० ग्रॅम पनीर, ९-१० ग्रॅम. उपवासाला साबुदाणा हा नुसता पिठूळ पदार्थ आहे. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, दही. उपवास राहतो आणि पोटात काही जातं. चातुर्मास संपला की अंडी-मासे सुरू.

कॅल्शियम: पाळी गेलेल्या बायकांना दिवसाला १२०० मिलिग्रॅम सांगितलंय. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ५० ग्रॅम पिठाच्या भाकरीत पावणेदोनशे. तीळ, राजगिरा, शेवग्याचा पाला, अळीव. पालकात कॅल्शियम आहे पण त्यातलं ऑक्झलेट ते अडवून धरतं, त्यामुळे पालक मोजू नका.

गोळी चालू असेल तर कॅल्शियम कार्बोनेट जेवणासोबत, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, अंगी लागत नाही. थायरॉइडची गोळी असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर. लोहाची गोळीही वेगळ्या वेळी.

मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास यातलं काही आहे का? असेल तर वरचं सगळं डॉक्टरांना विचारून. मूत्रपिंड अधू असेल तर प्रथिन वाढवायचं नसतं.

आणि एक विचारायचं राहिलं. आई मिश्री लावतात का? हाडाला आणि रक्तवाहिन्यांना तंबाखू वाईट, मग ती ओढलेली असो की दातांना घासलेली. गावाकडच्या बायकांना हे कुणी विचारतच नाही आणि त्याही सांगत नाहीत.

---

निळा_दगड | १८ ऑगस्ट, सकाळी ११.०५

व्हिटॅमिन सी बद्दल मी काही वर्षांपूर्वी मावशीसाठी बरंच वाचलं होतं, ते लिहितो.

हा विचार आला नेदरलँड्समधून. १९९९ मध्ये तिथे १२३ प्रौढांवर प्रयोग झाला, सगळ्यांची मनगटं मोडलेली. अर्ध्यांना रोज ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी, ५० दिवस. उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी. सी घेतलेल्यांत ७ टक्क्यांना हे दुखणं झालं, दुसऱ्या गटात २२ टक्क्यांना. २००७ मध्ये त्याच मंडळींनी ४१६ जणांवर पुन्हा केलं: २.४ टक्के विरुद्ध १०.१ टक्के. १५०० देऊन ५०० पेक्षा जास्त फायदा झाला नाही. त्यात ज्यांना ज्यांना हे दुखणं झालं त्या सगळ्या बायकाच होत्या. आणि दोन्ही अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा दिसली: ज्यांनी सुरुवातीलाच प्लॅस्टरचा त्रास होतोय म्हणून सांगितलं होतं, त्यांनाच हे जास्त झालं. पारिजातताई, तुमच्या आई दुसऱ्या दिवशी जे बोलल्या ते हेच होतं.

पण पुढे २०१४ मध्ये स्कॉटलंडला एडिंबरात ३३६ जणांवर तसाच प्रयोग झाला. तेवढाच डोस, तेवढेच दिवस, आणि काहीच फरक दिसला नाही. त्यामुळे 'व्हिटॅमिन सीने होतच नाही' असं छातीठोक म्हणता येत नाही. गोळी स्वस्त आहे, या प्रमाणात बहुतेकांना धोका नाही म्हणून अनेक डॉक्टर देतात, इतकंच. मुतखडा होऊन गेला असेल किंवा मूत्रपिंड अधू असेल तर विचारल्याशिवाय नाही.

सगळ्यात महत्त्वाचं हे की तिन्ही प्रयोगांत गोळी सुरू झाली ती हाड मोडल्या-मोडल्या. हा प्रतिबंध होता. दुखणं जडल्यावर सात आठवड्यांनी सुरू करून ते जाईल, असं यातला एकही प्रयोग सांगत नाही. पेरू, आवळा, लिंबू जरूर द्या, पण उपचार म्हणून त्याच्यावर विसंबून थांबू नका.

---

पोल्डर | १८ ऑगस्ट, दुपारी ४.४८

मी नेदरलँड्समध्ये राहते. सासूबाई इथे आमच्याकडे आल्या होत्या, बर्फावर घसरल्या. कास्ट घातलं त्याच दिवशी ५० दिवसांचं व्हिटॅमिन सी लिहून दिलं. इथे तेव्हा ते नेहमीचंच होतं. त्याहून मला लक्षात राहिलं ते त्यांनी दिलेलं कागदाचं पत्रक: कास्ट आवळलं, बोटं निळी पडली, दुखणं वाढत गेलं तर अमुक नंबरवर रात्री कधीही फोन करा. सासूबाईंचं दुसऱ्या दिवशी खरंच आवळत होतं. गेलो, त्यांनी उभी चीर देऊन सैल केलं, दहा मिनिटांचं काम.

---

वाटसरू_देश | १८ ऑगस्ट, संध्या. ७.१०

भाजीमंडई, हिशोब पटला. माझी आईसुद्धा सगळ्यांचं झाल्यावर खरवडीला बसते. आज पहिल्यांदा तिच्या ताटाकडे नीट पाहिलं.

एक शंका. 'ड' जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी दुकानात सहज मिळते. सुरू करून टाकावी का?

---

भाजीमंडई | १८ ऑगस्ट, रात्री १०.००

आधी रक्त तपासा, मग डॉक्टर सांगतील तितकेच आठवडे. कमतरता निघाली तर बहुधा आठवड्याला एक, आठ आठवडे, असं देतात. नंतर बंद किंवा कमी. माझ्या एका आत्याने बरं वाटतं म्हणून वर्षभर दर आठवड्याला घेतली. कॅल्शियम इतकं चढलं की उलट्या, बडबड, शेवटी दवाखान्यात भरती. एकदम मोठा डोस देण्यातही शहाणपण नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले, तर त्यांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं. हा प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

---

पारिजात_अंगण | १९ ऑगस्ट, रात्री ११.३०

सगळ्यांना मनापासून नमस्कार. तुळशीवृंदावनताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'म्हणजे मी ढोंग करत नाहीये ना?' घरात तसं कुणी म्हटलं नव्हतं. पण तिच्या मनात ते होतं, आणि सात आठवडे मला ते कळलं नाही.

मधुमेह नाही. थायरॉइडची गोळी आहे, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबतच एका घोटात चालली होती. आजपासून वेगळी केली. मिश्री... हो. मला माहीतच नव्हतं. न्हाणीच्या कोनाड्यात डबी होती.

परवा कोल्हापूरला हाताच्या सर्जनची वेळ मिळालीय.

---

हालचाल | २० ऑगस्ट, सकाळी ७.१५

जाताना प्रश्न लिहून न्या. नसांच्या दुखण्याची गोळी, गाबापेंटिन किंवा प्रेगाबालिन, दिली तर सुरुवातीला गरगरतं. रात्री उठताना आईंना एकटं सोडू नका. या दुखण्यात दुसरं पडणं परवडणार नाही.

आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, मागून घ्या. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडलं तर ती ठिसूळपणाची चिठ्ठी असते. मनगट साधारण आधी मोडतं, मणका आणि खुबा नंतर. प्लॅस्टर निघालं की ती चिठ्ठी कुणी वाचत नाही.

---

पारिजात_अंगण | २५ सप्टेंबर, रात्री ९.५५

गौरी गेल्या, आता सवड झाली. सर्जननी पाच मिनिटांत सीआरपीएस म्हणून सांगितलं. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा थोड्या दिवसांचा कोर्स, रात्री गाबापेंटिन, आणि आठवड्यातून तीनदा फिजिओ. सूज बरीच उतरलीय. रंग अजून सकाळी-संध्याकाळी बदलतो. तांदळाच्या ताटात ती आता मनगटापर्यंत हात घालते. पहिल्या दिवशी एक बोट टेकवून ओरडली होती.

उपवासाचं मी भांडून नाही केलं. घरी भटजी येतात त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, आजारी माणसाला एकभुक्ताचं बंधन नसतं, औषध म्हणून दोनदा खाल्लं तरी व्रत राहतं. आईने ते ऐकलं. आता सकाळी नाचणीची आंबील दुधातली, दुपारी दाट पिठी, रात्री दही-राजगिरा. मिश्री दोनदाची एकदावर आलीय, बंद नाही झालेली. वजन ४८.५.

---

तुळशीवृंदावन | २६ सप्टेंबर, सकाळी ८.३०

मिश्री सुटायला मला सहा महिने लागले. बडीशेप भाजून डबीत भरून ठेवली होती, त्याच कोनाड्यात. हात तिकडे जातोच, मग जाऊ दे.

---

पारिजात_अंगण | २१ नोव्हेंबर, दुपारी ३.२०

दिवाळीनंतरची खबर. मूठ तीन चतुर्थांश मिटते. पदर लागला तर आता नुसतं 'कसंतरी' होतं, आग होत नाही. थंडीत पहाटे ठणका आहेच. या वर्षी करंज्यांना मुरड मी घातली, ती बाजूला बसून कडा दाबायला सांगत होती आणि मध्येच तिने एक घेऊन उजव्या हाताने मुरडायला घेतली. चार चिमट्यांनंतर खाली ठेवली. आम्ही कुणी काही बोललो नाही.

डेक्सा झाली. खुब्याचा टी-स्कोअर उणे २.८, म्हणजे हाडं ठिसूळ झालीत. हाडांची झीज रोखायला वर्षातून एकदा शिरेतून देतात ते झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन सुचवलंय. 'ड' आधी बरंच कमी होतं, आता भरून आलंय. मूत्रपिंडाची तपासणी, क्रिएटिनिन, ठीक आहे. इंजेक्शनच्या आधी दातांचं काही काम असेल तर उरकून घ्या म्हणाले, म्हणून उद्या दातांच्या डॉक्टरांकडे. मागच्या दारची पायरी तारेच्या ब्रशने घासून घेतली, भिंतीला लोखंडी कठडा लावला. आईला तो रंग आवडला नाहीये, पण उतरताना धरते.